ओरडणाऱ्या पेशंटचं कौन्सेलिंग

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून मी साताऱ्याला गेले. माहेर शहरातलं. आई निवृत्त शिक्षिका. तिच्या घरात बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवलेली असते. सासर मलकापूरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. नवरा सैन्यात आणि मी पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबनिसाचं काम घरून करणारी.

तयारी आम्ही जय्यत केली होती. टोपडीच सात होती. ज्याची तयारी नव्हती ते असं झालं की रात्रभर कळा सोसल्यावर दुपारी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि मला घाईघाईनं ऑपरेशनला नेलं. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी कापायला सुरुवात केली आणि ते मला कळलं. म्हणजे सगळंच कळलं.

मी म्हणाले, "दुखतंय."

पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "दुखत नाहीये. तो नुसता दाब जाणवतोय."

दाब आणि दुखणं यांतला फरक साधारण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कळतो. मी पुन्हा सांगितलं. मग एक सिस्टर डोक्याशी आली आणि म्हणाली, "शांत व्हा बघू. बाळाला त्रास होतो." त्यावर मी जी ओरडायला लागले ती पूर्ण भूल देईपर्यंत थांबले नाही. जागी झाले तेव्हा मुलगा झाला होता, पेढे वाटून झाले होते आणि लोक माझ्याकडं बघून हसत होते.

त्यानंतर सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलं. दोघं सुखरूप आहेत ना, मग झालं. आई म्हणाली, "विसरून जा. त्यावर बोलत बसलं की ते वाढतं." जणू ते पीठ होतं आणि मी त्याला आंबवत ठेवलं होतं.

मुलाकडं बघून मला काय वाटायचं ते सांगते. एसटी स्टँडवर एखादी अनोळखी बाई "जरा पिशवी बघा हं" म्हणून जाते आणि परत येतच नाही, तसं. पिशवी मी नीट सांभाळत होते. वेळेवर पाजत होते, लंगोट बदलत होते. पण मालकीणबाई कुठं राहिल्या, हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

सव्वा महिन्यानं सासरी आले. स्पिरिटचा वास आला की माझ्या हाताला मुंग्या यायच्या. स्टीलची ताटं एकमेकांवर आपटली की ऑपरेशनची हत्यारं आठवायची आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. एकत्र कुटुंबात स्टीलची ताटं दिवसातून चारदा आपटतात. मी कारण सांगितलं नाही. सगळ्यांचा समज झाला की शिकलेली सून भांडी घासायचं टाळते.

मग लसीकरणाचा दिवस आला. सासूबाई आणि मी बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथली नर्स चांगली होती. तिनं बाळाची मांडी पुसली आणि मला म्हणाली, "घट्ट धरा. आणि तुम्ही शांत व्हा बघू."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी मुलाला टेबलावर ठेवलं आणि बाहेर चालायला लागले. भानावर आले तेव्हा रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या बाकड्यावर बसले होते. पायात चप्पल नव्हती. घुंगरांचा आवाज चालू होता आणि समोर रसाचा ग्लास होता. तो मी मागवला असावा.

थोड्या वेळानं सासूबाई आल्या. एका हातात किंचाळणारा नातू, दुसऱ्या हातात माझ्या चपला. त्यांनी चपला खाली ठेवल्या, शेजारी बसल्या आणि रसवाल्याला म्हणाल्या, "आनी एक. बिनबर्फाचा."

त्यांनी पूर्ण ग्लास संपवला. मग म्हणाल्या, "आता सांग. काय हुतंय तुला?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, सलग. त्यांनी मधे एकदाही "सुखरूप" हा शब्द काढला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हशीला टाका घालायचा झाला तर आमचा ढोरांचा डाक्टर आदी टोचून बगतो, भूल लागली का न्हाई. तुजं त्यांनी बगितलं न्हाई?"

"घाई होती, आत्या."

"म्हशीला बी घाईच असती."

त्या उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "घरी दाढ दुखत हुती म्हनून सांगू. दाढंला कोन काय म्हनत न्हाई."

अशी माझी दाढ सुरू झाली. पुढं सात महिने ती चालली. शेजारच्या काकू लवंग द्यायच्या, चुलतदीर मिठाच्या गुळण्या सांगायचे, आणि इतकं लांबलेलं दाढेचं दुखणं पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याला मी व्हिडिओ कॉलवर खरं सांगितलं. तो ईशान्येकडं होता. नेटवर्क असं की त्याचा चेहरा एकाच भावावर पाच पाच मिनिटं अडकून राहायचा, म्हणून त्याला काय वाटलं ते कळायला वेळ लागला. तो म्हणाला, "आमच्यात एक जण आहे. फटाके वाजले की पलंगाखाली जातो. त्याला कुणी हसत नाही. त्याच्यावर उपचार चालू आहेत. तुझ्यावर का नकोत?"

त्याच्या सैन्याच्या दवाखान्यासाठी पुणं गाठावं लागलं असतं. ऑनलाइन समुपदेशनाचा विचार केला, पण आमच्या घरात आतून कडी लावली की आधी "बरं हाय न्हवं?" विचारतात आणि मग चहा घेऊन दारात थांबतात. तेवढ्यात कंपनीच्या विम्याची एक मेल सापडली. त्यात पद्मासनात बसलेल्या एका बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की मानसिक आजारावर आठ बैठकांपर्यंतचं समुपदेशन विम्यात आहे. जवळची यादीतली जागा सांगलीला. मी विमा कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमचा डिलिव्हरीचा क्लेम तर सेटल झालेला दिसतोय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तो पोटाचा होता."

"मग हा कशाचा आहे?"

"डोक्याचा."

"डोक्याला मार लागला होता का?"

मी म्हटलं, एका अर्थी. तिनं बहुतेक 'अपघात' असं लिहिलं, कारण दोन दिवसांनी माझ्याकडं पोलिस पंचनाम्याची प्रत मागण्यात आली.

सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव लिहून दिलं. ते वाचून मला उगाच बरं वाटलं. इतके दिवस जे नुसते माझे नखरे होते त्यांना इंग्रजी नाव मिळालं. त्याच दवाखान्यात समुपदेशन करणारी बाई माझ्यापेक्षा लहान होती. तिच्या खोलीत टेबलफॅन होता, आणि यजमानांनी सुपारी पुढं करावी तसा कागदी रुमालांचा डबा ठेवला होता.

"कुठून सुरुवात करू?" मी विचारलं.

"कुठूनही."

पहिली बैठक मी साताऱ्याच्या त्या हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या उपम्याला शिव्या देण्यात घालवली. तिनं अडवलं नाही. दुसऱ्या बैठकीत तिनं मला फक्त एक वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. "मला दुखत होतं." बस्स. ते म्हणायला मला साठेक किलोमीटर एसटीनं यावं लागलं होतं, आणि म्हणता म्हणता अर्धा डबा रुमाल संपले.

सासूबाई प्रत्येक वेळी बरोबर यायच्या, बाळाला सांभाळायला. बाहेरच्या खोलीत त्यांनी आपली शाखा काढली. तिथं मान खाली घालून बसलेल्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, "तुमचं काय दुखतंय?" आणि लोक सांगायचे. चौथ्या बैठकीला समुपदेशक बाई मला गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना जरा सांगाल का? मघाशी एक पेशंट म्हणाले, बाहेरच्या मावशींनी सांगितलंय ते आधी करून बघतो, मग येतो."

"काय सांगितलंत त्यांना?" मी परतीच्या गाडीत विचारलं.

"कायसुदिक न्हाई. भावाशी बोलत न्हाई म्हनला चार वर्सं. म्हनलं, जाऊन दारात हुबा ऱ्हा."

मधल्या काळात विम्याचा नकार आला. त्यांचं म्हणणं, हा खर्च प्रसूतीशी संबंधित, आणि प्रसूतीची मर्यादा संपली. मी लिहिलं की प्रसूती संपली, आजार संपलेला नाही, आणि आजाराला नाव आहे. त्यावर त्यांनी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, शस्त्रक्रिया सुरळीत, कोणतीही विशेष घटना नाही. आत काय घडलं त्याची मूळ फाइल आणा, असा निरोप आला.

फाइल साताऱ्याला, त्याच हॉस्पिटलात. म्हणजे तिथं जाता येत नाही म्हणून उपचार, आणि उपचार मिळावेत म्हणून तिथं जायचं. हे ज्यानं ठरवलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

आम्ही गेलो. गेटापाशी माझे पाय थांबले. समोर चहाची टपरी होती, तिथं मी बसले आणि सासूबाई आत गेल्या. फाइल फक्त पेशंटच्या सहीनंच मिळते, हे त्यांना आत कळलं. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या, आणि त्यांच्या मागून रेकॉर्ड विभागातला क्लार्क, काखेत फाइल, चेहरा असा की शाळेच्या मैदानावरून कुणी कान धरून आणलंय.

"असं बाहेर आणायचा नियम नाही," तो मला म्हणाला.

"सायेब, ती आत येत न्हाई म्हनूनच तर तुमी बाहेर आलाय," सासूबाई म्हणाल्या. "चा घ्या."

त्यानं चहा घेतला. मी कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सह्या केल्या आणि नकला घेतल्या. तिथंच उभं राहून वाचल्या. डॉक्टरांच्या पानावर सगळं सुरळीत होतं. पण नर्सच्या पानावर, वेळ टाकून, दोन ओळी होत्या. पेशंट वेदना होत असल्याचे सांगत ओरडत आहे. पेशंटचे कौन्सेलिंग केले. त्याखाली पूर्ण भूल दिल्याची नोंद.

"शांत व्हा बघू" याला कौन्सेलिंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मी हसायला लागले ते थांबेना. क्लार्कनं घाबरून दुसरा चहा सांगितला.

पण लिहिलेलं होतं. कुणीतरी ऐकलं होतं आणि घड्याळात बघून लिहून ठेवलं होतं. मी ती ओळ बोट फिरवत तीनदा वाचली.

विमा कंपनीनं ते पान बघून कळवलं की नोंदीनुसार पेशंटचं कौन्सेलिंग आधीच झालेलं आहे, तरी पुन्हा त्याची गरज काय ते स्पष्ट करावं. मी स्पष्ट केलं. दोन पानं स्पष्ट केलं. समुपदेशक बाईनं एक पत्र दिलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एक दिलं, आणि मी तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडं नेली. महिनाभरानं आठही बैठका मंजूर झाल्याची मेल आली. खाली तीच पद्मासनातली बाई.

सहाव्या बैठकीनंतर मी एकटी साताऱ्याला गेले. आधी तीन आठवडे, दर आठवड्याला एकदा येऊन, नुसती हॉस्पिटलच्या गल्लीतून चालत जात होते, सांगलीच्या बाईनं दिलेला गृहपाठ म्हणून. त्या दिवशी आत गेले. नंबर लावला, नाव पुकारल्यावर डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

"टाक्यांचा त्रास आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही कापत होतात तेव्हा मला कळत होतं. तेवढं सांगायला आले."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला आठवतंय?"

"सगळं."

"पूर्ण भुलीच्या औषधानंतर सहसा आठवत नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "बाळाचे ठोके फार कमी झाले होते. भूल पूर्ण लागायची वाट बघायला वेळ नव्हता."

"मग तसं सांगायचं होतं. वेळ नाही, दुखेल, पण थांबता येत नाही, असं. मी सहन केलं असतं की नाही माहीत नाही. पण दुखत नाहीये असं का सांगितलंत?"

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी दाराकडं बघितलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "ते बरोबर नव्हतं."

एवढंच. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी आभार मानले नाहीत. जिना उतरताना मात्र मला जाणवलं की मला प्रचंड भूक लागली आहे.

आईकडं गेले. ती भाजी निवडत होती. कुठून आलीस विचारल्यावर मी खरं सांगितलं, दाढेचं, सांगलीचं, फाइलचं, सगळं. मला वाटलं ती म्हणेल, कशाला उकरून काढलंस. तिनं हातातली मेथी परातीत ठेवली.

"मी दाराबाहेरच होते," ती म्हणाली. "ओरडणं ऐकू येत होतं. मला वाटलं, दुसरीच कोणी आहे. मी शेजारच्या बाईंना म्हणालेसुद्धा, काय ही ओरडते, जरा सहनशक्ती नाही आजकालच्या मुलींना."

"मग कधी कळलं?"

"तुला बाहेर आणल्यावर. आत दुसरं कोणी नव्हतंच."

आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि मला हसू फुटलं. आईलाही फुटलं. ती डोळे पुसत हसत होती, मग नुसतेच डोळे पुसत होती. मी तिच्या जवळ सरकले. परातीतली मेथी पुन्हा उचलत ती म्हणाली, "आणि हे मी कुणाला सांगायचं होतं?"

मी तिला सांगलीचा पत्ता लिहून दिला. ती म्हणाली, बघू. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला की तिच्या पेन्शनच्या विम्यात हे बसतं का ते विचारून सांग.