मशीन थांबलं तेव्हा

गर्भाशयाचा कॅन्सर बाहेर पसरलाय का, हे बघायला एमआरआय सांगितला. मी चौथी शिकलेली, नांदेडहून भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला आलेली. भीतीने गार पडले होते. मशीनजवळ धातू चालत नाही म्हणून एमआरआयच्या ताईंनी खाली बसून, साबण लावून माझी जोडवी काढली. शिकलेल्या बाईने माझ्या पायाला हात लावला!

मशीनच्या नळीत आमच्या लूमच्या शेडसारखाच खडखडाट. मग एकदम शांत. लूम थांबला म्हणजे धागा तुटला. सवयीने मी उठायला गेले आणि फोटो बिघडला.

का उठले ते सांगितलं, तशा ताई हसल्या. "मावशी, ड्युटी शेडमध्ये ठेवून या. हे थांबलं तर काही तुटलेलं नसतं."

पुन्हा झोपले. चीर न देता पोटातलं सगळं पडद्यावर उमटलं. कॅन्सर पसरलेला नव्हता.

परवा ऑपरेशन आहे. आज लूम थांबला तेव्हा मी धावले नाही. आधी ती शांतता ऐकली, मग धागा जोडला.