मुठीचा डबा

देवाला माझं मन कळतं, याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण त्याला कोलम आणि रेशनच्या तांदळातला फरक कळत असेल, असं काही मी धरून चालले नव्हते.

आमच्या मंडळीत बायकांची एक जुनी रीत आहे. भात टाकण्याआधी रोज एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचा आणि रविवारी तो चर्चमधल्या पिंपात ओतायचा. ज्या घरात अडचण असेल तिथे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, त्यातून पोचवतात. माझ्याकडे तांदळाचे दोन डबे होते. आम्ही खायचो कोलम. मूठ निघायची रेशनच्या डब्यातून. कीड लागू नये म्हणून त्यात मी सुक्या मिरच्यांची देठं टाकायचे, मिरच्या स्वयंपाकाला ठेवून. आपण मालक नव्हे, देवाचे कारभारी आहोत, असं पाळक उपदेशात सांगत तेव्हा मी मनापासून मान डोलवायचे. मूठ तर मी एक दिवसही चुकवली नव्हती. उलट मला रूथआजींची कीव यायची. त्या एकट्या राहतात आणि वाकडच्या एका सोसायटीत जिने झाडतात. त्यांची एवढीशी पिशवी बघून मी एकदा म्हणालेही होते, आजी, तुम्ही नाही आणलंत तरी चालेल. त्यांनी हसून पिशवी पिंपात ओतली होती.

मग महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या यजमानांचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. बोटं वाचली, पण हात कामाला यायला वेळ होता. हे कंत्राटी कामगार. हात बरा झाला की या, एवढंच ठेकेदाराने सांगितलं. पहिला महिना कसाबसा ढकलला. दुसऱ्या महिन्यात कोलम संपला, मग रेशनच्या डब्याचाही तळ दिसायला लागला आणि नवं रेशन यायला अजून आठ दिवस होते. मूठ काढणं केव्हाच थांबलं होतं. प्रार्थना करायचे, पण त्यात तक्रारच जास्त असायची. इतकी वर्षं नेमाने देणाऱ्या बाईच्या घरी ही वेळ का आणलीस, असं मी रोज विचारायचे. मंडळीत मात्र कुणाला बोलले नाही. पिंपातलं घेणाऱ्यांत आपलं नाव जावं, याची मला उपाशी राहण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

एका शनिवारी सकाळी मी रिकामा डबा घासून पालथा घातला आणि दारात पाळकबाई उभ्या. हातात भरलेली पिशवी. त्यांना कुणी सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी सलाम केला आणि म्हटलं, आमचं चाललंय, दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी पिशवी सरळ ओट्यावर ठेवली.

“अगं, आपल्या मंडळीचाच तांदूळ आहे. तुझीही मूठ आहे त्यात.”

त्या गेल्यावर मी तांदूळ निवडायला बसले. पहिल्याच ताटात मिरचीचं देठ निघालं. मग आणखी दोन. मी ताट मांडीवर घेऊन रडले. आमच्या वाट्याला काय आलंय ते मला कळलं होतं. पण त्या जाड दाण्यांमध्ये दुसरेही दाणे इतके मिसळले होते की वेगळे काढणं शक्य नव्हतं. भात शिजायला लागला तसा आमच्या एका खोलीत वास दरवळला. हे उठून बसले आणि म्हणाले, आज इंद्रायणी कुठून आणलास?

यांना मीच भरवत होते. घास घेण्याआधी यांनी डोळे मिटून नेहमीची प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, “प्रभू, ज्यांनी ही मूठ बाजूला काढली, त्या प्रत्येकीला भरून दे.”

त्या प्रत्येकीत मीही होते. माझ्या तोंडून आमेन निघेना.

संध्याकाळी भात टाकण्याआधी मी त्याच तांदळातली एक मूठ बाजूला काढली आणि दुसऱ्या दिवशी चर्चला नेली. इंद्रायणी कोण आणतं, असं पाळकबाईंना विचारलं. रूथआजी, त्या म्हणाल्या. मावळातल्या माहेरून त्यांना वर्षाला थोडा येतो, तो सगळा पिंपात घालतात. स्वतः रेशनचाच खातात. मी आजींसमोर जाऊन उभी राहिले, माफी मागायला. काय ते त्यांनीच ओळखलं असावं. माझा हात धरून म्हणाल्या, “आसू दे गं. वासाचा भात एकटीला ग्वाड लागत न्हाई.”

यांचा हात आता बरा आहे. तपासणीच्या कामावर घेतलंय. तो तांदूळ रेशन येईपर्यंत पुरला, कसा ते मी मोजलं नाही. देवाने मला रागावून नव्हे, जेवू घालून शिकवलं, याबद्दल त्याचे उपकार मानते. आता घरात तांदळाचा एकच डबा आहे. आमचा भात त्यातून, मूठही त्यातूनच. किडीसाठी त्यात सबंध मिरच्या घालते.