शेंदूर लावलेला दगड

शेजारच्या शेठनी सकाळी सकाळी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण कैक पिढ्या नारायणगावात गेलेल्या. मराठी माझ्यापेक्षा गोड बोलतात. त्यांचं धान्याचं बुटकं कौलारू गोदाम आमच्या अंगणाच्या पूर्वेला होतं. एवढ्या वर्षांच्या शेजारात दिवाळीचा फराळ आला, संक्रांतीचा तिळगूळ आला, पण बिनकारणाचा पेढा कधी आला नव्हता. कारण लगेच कळलं. गोदाम पाडून तिथं फ्लॅटची इमारत होणार होती.

"तुम्हाला काडीचा त्रास होणार नाही, भाऊ," शेठ म्हणाले. मी काही विचारलं नसताना म्हणाले, हे मला खटकलं.

माझा स्वभाव संशयी आहे हे मी नाकारत नाही. निरगुडसरच्या शेतकरी घरात वाढलेल्या माणसाचा दुसरा कसला असणार? आमच्याकडे शेजारी दिवसाढवळ्या शेत चोरत नाही. नांगरताना दरवर्षी एखादं तास तुमच्या बाजूला सरकतो, बांध हळूहळू कोरतो, आणि हसून रामराम घालतो. मुलं मोठी होईस्तोवर दोन वाफे गेलेले असतात. पुढं मी नारायणगावात टोमॅटोच्या बाजारात कारकुनी केली. तिथं क्रेटचा वरचा थर लालबुंद आणि तळाला हिरवी, दबलेली फळं. म्हणून कुठलीही गोष्ट समोर आली की आधी तिच्या बुडाकडं बघायचं, ही सवय हाडात मुरली. विश्वास काय, तो पानिपतावरच गेला.

आणि इथं सवाल अंगणाचा होता. अंगण कागदावर माझं, पण खरं बायकोचं. चैत्र लागला की तिच्या कुरडया सुरू व्हायच्या. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक ती पहाटे शिजवायची आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून काढायची. शेठच्या कौलांवरून सूर्य वर आला की अंगणभर पसरलेल्या कापडांवर पांढरी नक्षी चमकायची. कुरडईला पहिल्याच दिवशी कडक ऊन लागतं. ते चुकलं की चीक आंबतो, वास धरतो, तळली तरी फुलत नाही. आमच्या घरावर उतरते पत्रे, तिथं काही वाळत घालता येत नाही. तिच्या कुरडया मंचरपासून पुण्यापर्यंत जायच्या. लग्न होऊन आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच काम आणि एवढीच जागा. ती जागा कुणी कोरली तर मला घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी कंबर कसली. सरकारी मोजणी करून घेतली, आणि हद्दीवरचा अर्धा गाडला गेलेला जुना दगड मोकळा केला. मग गावाकडची युक्ती केली. एका मंगळवारी दगड धुतला, तेलात कालवलेला शेंदूर फासला, वर दोन फुलं ठेवली. आमच्या भागात नुसता दगड रातोरात चालायला लागतो. शेंदराचा दगड हलवायची कुणाची छाती होत नाही.

"देवाला कशाला कामाला लावताय?" बायको म्हणाली.

"देव न्हाई गं, वॉचमन हाय," मी म्हणालो.

वॉचमननं काम चोख केलं. जेसीबीवाला आला, त्यानं आधी चपला काढल्या, दगडाला हात जोडले आणि मग मशीन सुरू केलं. साइटवरचा मुकादम पेठ गावचा होता, गोड बोलणारा गडी. तो मला म्हणाला, "काका, हद्द तुमीच दाखवा. आमी वीतभर आतच ऱ्हातो." वीतभर आत? स्वतःहून? मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. जो माणूस न मागता वीत सोडतो, तो पुढं हात मागणार, असं मी बायकोला सांगितलं.

समोर मोठा फलक लागला. त्यावर इमारतीचं चित्र, झाडं, कारंजं, आणि एक गोरं जोडपं कुत्र्याला फिरवतंय. कुत्रं उभं होतं तिथं हिरवळ होती, आणि नीट पाहिलं तर ती हिरवळ बरोबर आमच्या घराच्या जागी होती. मी मुकादमाला विचारलं. तो हसला. "चित्र हाय राव ते. पुन्यात बसून कुनीतरी काडलंय." पुण्यात बसून आमचं घर पुसणारा तो कुणीतरी कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गल्लीही बदलायला लागली. पंक्चरवाला हायवेकडं गेला. पानाच्या टपरीत जागेचे व्यवहार करणारा एक पोरगेला इसम काच लावून बसला. प्रवासी भरून नेणारी वडापची जीप कोपऱ्यावर थांबायची, ती हटवली. अनोळखी माणसं आमच्या घराकडं डोळ्यांनी मापं घेत बघायची आणि विचारायची, "काका, तुमचं कधी देताय?" बैलाच्या दातांकडं बघावं तसं आमच्या पत्र्यांकडं बघायची. मी अशांना पाणीसुद्धा विचारलं नाही. बायको विचारायची, त्यावरून आमचं वाजायचं.

मी मात्र डोळ्यात तेल घालून बसलो. रोज चहा झाला की दगडापासून दोरी लावायची, ओळंबा सोडायचा, खांब आपल्या बाजूला कलला का ते पाहायचं. कामावरची माणसं माझी थट्टा करायची. मला बघितलं की एकमेकांना म्हणायची, "आले, साहेब तपासनीला आले." मुकादमानं तर दगडाभोवती उरलेल्या फरशीचा छोटा ओटाच बांधून दिला. ते बघून माझा संशय दुप्पट झाला.

पावसाळ्यातच चौथा स्लॅब ओतून झाला, तेव्हा बायको दारात उभी राहून वर बघत होती. "अहो, किती मजले हायेत ह्यांचे?"

"असतील सहा-सात."

"एवढं वर जानार?"

"जाऊ दे की," मी ओळंबा गुंडाळत म्हणालो. "वर आपलं काय हाय? आपला बांध खाली हाय."

पुढं हिवाळ्यात अंगण गारठलेलं असायचं. सारवलेली जमीन दुपारपर्यंत ओली राहायची. मी म्हणालो, यंदा थंडीच लई हाय. मला तसंच वाटलं होतं.

चैत्र आला. बायकोनं नेहमीसारखे गहू भिजवले, पहाटे चीक शिजवला, अंगणभर कापडं अंथरली. मी सोऱ्या दाबायला बसलो. कुरडया घालून झाल्या आणि आम्ही दोघं उंबऱ्यावर चहा घेऊन बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या पिंपळावर होतं, इमारतीच्या वरच्या काचांवर झळझळत होतं. आमच्या अंगणात निळसर सावली पसरली होती, आणि तिच्यात त्या कुरडया पडून होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं ते अंगणात उतरलं. चार घटका टेकलं, तोवर आमच्याच घराची सावली पुढं सरकली आणि ते उठून गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायकोनं एक कुरडई उचलली, नाकाला लावली आणि परत ठेवली.

मला इतकी लाज वाटली की मी तडक मुकादमाकडं गेलो. गच्चीवर वाळवण घालू द्या म्हणालो, चार दिवसांची गोष्ट. मी कधी कुणाकडं असं अजिजीनं बोललो नव्हतो.

तो खरोखर ओशाळला. "काका, माज्या हातात असतं तर चावी दिली असती. आता गच्ची सोसायटीची झाली. तितं तुमची हद्द लागत न्हाई." मग त्यानं विचारलं, "खाली काय तक्रार न्हाई ना? इंचाचा तरी फरक?"

"न्हाई," मी म्हणालो. इंचाचाही नव्हता. सहा मजली इमारत आमच्या बांधापासून वीतभर आत उभी होती. शेठनी शब्द पाळला होता, मुकादमानं पाळला होता, दगडानंही पाळला होता. ओट्यावर कुणीतरी ताजं जास्वंद वाहिलं होतं. फ्लॅटमधल्या बायका आता त्याला नवस बोलायला लागल्या आहेत, असं कानावर आलं.

घरी आलो तेव्हा बायकोनं कुरडया गोळा करून दारावर येणाऱ्या गाईपुढं टाकल्या होत्या. सोऱ्या धुऊन, पुसून, जुन्या लुगड्यात बांधत होती. मी म्हणालो, काहीतरी मार्ग काढू, गावाकडं नेऊन घालू.

तिनं गाठ मारली आणि गाठोडं माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिलं.

"ठिवा वर," ती म्हणाली. "वर आपलं काय न्हाई म्हनला व्हता ना. आता एवढं तरी असू द्या."