हरकतीचा अर्ज

बारामतीला मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. युरोपचा व्यापारवाद हा माझा हातखंडा विषय. अमेरिकेतल्या वसाहतींत लोकर निघायची, पण तिचं कापड विणून शेजारच्या वसाहतीत विकायला इंग्लंडची बंदी. कच्चा माल मायदेशाला द्यायचा, तयार माल त्याच्याकडूनच घ्यायचा, वर उपकार मानायचे. हे मी असं रंगवून सांगते की मुलांना इंग्रजांचा संताप येतो. माझी भाची, गावाकडच्या भावाची मुलगी, पहिल्या बाकावर सगळं उतरवून घेते. शिकण्यासाठी ती माझ्याकडेच राहते.

गावची, कऱ्हाटीची जमीन भावाची नि माझी सामाईक, सातबाऱ्यावर माझंही नाव. दर सुगीला भाऊ माझा वाटा म्हणून ज्वारी आणून टाकतो. तिचे पोहे करून घेऊन मी चिवड्याची पाकिटं विकते. गेल्या दिवाळीत वहिनीनंही चार घेतली. पूर्ण किमतीला दिली मी तिला, लाज नाही वाटली.

यंदा वहिनी संमतीचा कागद घेऊन आली. "वन्सं, पोह्याचं मशीन घेतोय. शेडला लाइट घ्यायची तर तुमची सही लागती. मशीन चाललं तर ह्यांना दुसऱ्याच्या रानात राबावं लागायचं न्हाय."

"तुला झेपणार नाही ते."

"झेपंल की. बावड्याला पोह्याच्या गिरणीत जाऊन शिकून आलीय मी."

"आणि माझी ज्वारी?"

"दीन की. थोडी कमी व्हईल."

थोडी कमी म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं. चहा पाजला आणि बिनसहीच्या कागदासकट तिला परत पाठवली.

पुढच्या आठवड्यात कळलं, भाऊ माझ्या सहीवाचूनच अर्ज करणार आहे. मी भाचीला हाक मारली. वीज कार्यालयाला पत्र लिही म्हटलं. मला लिहिता येत नव्हतं असं नाही. पोरगी कुणाच्या बाजूची आहे, ते मला बघायचं होतं.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. सहहिस्सेदार म्हणून सदर वीजजोडणीस माझी सक्त हरकत आहे. 'सक्त' लिहिताना तिनं एकदा वर पाहिलं. मी पुढचा शब्द सांगितला.

पत्र पुरं झाल्यावर तिनं ते माझ्यापुढे सरकवलं.

"आत्या, बारावी होईस्तवर मी हितंच ऱ्हाईन ना?"

मी सही केली. "अक्षर छान आहे तुझं," म्हणाले.