भर दुपारचा फोटो

कंटाळा आलाय खरं तर. उजाडायच्या आत उठायचं, कॅमेरा घेऊन मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. बारा वर्षं झाली. वाळवंटातल्या उजेडाचं मला वेड. त्यापायी दोनदा राजस्थानात जाऊन वाळूत कुडकुडलो. मग लक्षात आलं, तसंच उघडंबोडकं, भेगाळलेलं रान आपल्याच गावाबाहेर खाडीकाठी पडलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लोक इथून गाडी न थांबवता किहीमच्या किनाऱ्यावरच्या नारळांकडे पळतात आणि मी इथे बसतो. बायको म्हणते, "सूर्य काय आज पहिल्यांदाच उगवतोय?"

मिठागरात माझे बाबा असायचेच. भाऊबंद ट्रकच्या धंद्यात गेले, बाबा मात्र लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत राहिले. हे काम ऊन चढायच्या आत करायचं नाहीतर उतरल्यावर, आणि नेमका माझाही उजेड तेवढाच. त्यामुळे रोज गाठ पडायची आणि रोज मी म्हणायचो, "बाबा, जरा बाजूला व्हा." ते निमूट पलीकडच्या वाफ्यात जायचे.

यंदा शिमग्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, मिठावरच्या उन्हाने डोळ्यांचे पडदे खराब झालेत, आता दिसणं कमी कमीच होत जाणार. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "मीठ वढताना मी कसा दिसतो, ते मना कवा दिसलंच न्हाय. येक फोटो काढ. दिसतंय तवर बघून घेतो."

दुसऱ्याच दिवशी काढला. सूर्य बाबांच्या पाठीमागे, वाफ्यातलं पाणी तांबूस, मधोमध ते. मी खूश. बाबांनी कॅमेरा नाकाशी धरला. "ह्यो कोन? सगला काला हाय." संध्याकाळी पुन्हा काढला, तोही काळाच. मी त्यांना सावलीचित्राचं सौंदर्य समजावत बसलो. असे आठ दिवस घालवले. पलीकडून, सूर्याकडे पाठ करून काढला असता तर चेहरा आला असता, पण मग तो तांबूस उजेड गेला असता, आणि तो काही मला सोडवेना. सांगायला लाज वाटते. बाबांचे डोळे काही उजेडाची वाट बघत थांबणार नव्हते.

शेवटी तेच म्हणाले, "दुपारचा काढ. उनात तोंड तरी दिसंल."

भर दुपारी मिठागरात कुणी उतरत नाही. पाणी पोळतं आणि पांढऱ्या मिठाकडे चांगल्या डोळ्यांनाही बघवत नाही. बाबा फळी घेऊन उतरले. मी घाईने फोटो काढला आणि त्यांना बाहेर बोलावलं. ना सावली, ना रंग. एरवी असला फोटो मी तिथल्या तिथे पुसून टाकला असता. चेहरा मात्र स्वच्छ आला होता.

आम्ही बांधावरच्या झोपडीत शिरलो. बाबांनी कॅमेरा जवळ आणला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मान तिरकी करून पाहिलं. मग माझ्या हातात परत दिला.

"मना न्हाय दिसत. तूच सांग, कसा दिसतो?"

आठ दिवसांपूर्वी कदाचित दिसलं असतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "झकास. एकदम ताठ उभे आहात."

"मीठ वढताना ताठ कोन उभा ऱ्हातो?" बाबा म्हणाले. "नीट बघ."

मी फोटो मोठा केला आणि वाकलेल्या पाठीपासून सांगायला सुरुवात केली.