लिंबू मीच धरणार

"लिंबू मीच धरणार," असं मी वस्तादांना सांगितलं, तेव्हा माझ्या मुलीने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि ती उठून आत निघून गेली. वस्ताद कोल्हापूरचे, चांगले भरघोस मिश्यांचे. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. माझ्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ आहे. ती माझ्या मुलीच्या पट्ट्याची.

"ताई, दुसरं कोणतरी धरू दे की," शेवटी ते म्हणाले. "देवरूखची पोरं आल्यात, हात पुढं करून बसायला एका पायावर तयार हायत."

"बसू देत. मी धरेन, नाहीतर कुणीच नाही. आणि आता चहा प्या आणि उठा बघू, माझे अंगरख्यांचे बंद लावायचे राहिल्येत."

किल्ल्यावरचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. दर हिवाळ्यात आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्यावर जुना काळ उभा करतात. दरवाजावर पहारे बसतात, तटावरून इशारे होतात, खोटी लढाई होते, आणि शेवटी वस्तादांची माणसं हलगीच्या तालावर मर्दानी खेळ करतात. सगळ्यांचे कपडे मी शिवते. लग्नसराईचे ब्लाउज बाजूला सारून रात्रंदिवस मशीन मारायची, आणि मग ही मेली पोरं माझ्या अंगरख्याखाली स्पोर्टचे बूट घालणार आणि शेल्यात मोबाइल खोचणार! ओरडून ओरडून माझा घसा बसतो. पण करते दरवर्षी. मुलगी पट्टा शिकायला लागली तेव्हापासून मीही त्यांच्यातलीच झाले.

पट्टा म्हणजे साधी तलवार नव्हे. कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबळ्यात जातो, आत मूठ असते ती धरायची, आणि पुढे लांबलचक लवलवतं पातं. मनगट आत अडकलेलं. त्यामुळे वार खांद्यातून येतो, आणि एकदा सुटला की मध्येच आवरणं महाकठीण. पट्टा फिरवता फिरवता समोरच्याच्या उघड्या तळव्यावरचं लिंबू कापायचं आणि कातडीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, ही त्यातली शेवटची परीक्षा. समोरच्याने एवढंच करायचं असतं, हलायचं नाही.

आणि मी हलले होते.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या घरासमोरच्या खळ्यात संध्याकाळी तिचा सराव चालला होता. मी गुडघ्यांवर बसलेली, डावा तळवा पुढे, त्यावर लिंबू. त्याच वेळी खालच्या पाखाडीच्या वस्तीत शेजाऱ्यांची नवी रिक्षा आली. आता आमच्याकडे नवं काही आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस देवाकडे एकेक मागणं मोठ्याने मागतो, शेवटी 'रे म्हाराजा' म्हणतो, आणि जमलेली माणसं हात जोडून, मान लववून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लग्न असो, होडी असो, पालखी असो, पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलेलं. आमचे हात मग आम्हाला विचारायला थांबत नाहीत. वाडीतले मानकरी आजोबा रिक्षासमोर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या गाडीला कुटं दगा फटका हू नये रे म्हाराजा!" आणि अगो बाई, समोर लेकीचा पट्टा, हातावर लिंबू, आणि ही बया 'व्हय म्हाराजा' म्हणून हात जोडायला निघाली!

टाके पडले. हात बरा झाला. मशीनवर कापड सरकवायला डावाच हात लागतो, म्हणून थोडे दिवस अडचण झाली, इतकंच. पण मुलीचं काय झालं ते बरं होईना.

मी हलले म्हणून लागलं, हे मी तिला त्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं. पुढेही दहादा सांगितलं. तिला पटेना. पट्टा फिरत असला की तिला पात्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही, रिक्षा नाही, गाऱ्हाणं नाही, काही नाही. आणि माझा हात कधी सरकला ते तिने पाहिलं नव्हतं. "आई, तू मला बरं वाटावं म्हणून सांगत्येस," ती म्हणायची. "माझाच हात चुकला. मला माहित्ये." आजोबांना विचार म्हटलं, तर म्हणे ते तुझीच बाजू घेणार. पट्टा जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर गेला. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण पोर विळीवर बसेना. मी सुरमईचे तुकडे करायला घेतले की ही बाहेर माडाखाली जाऊन उभी. माझ्या हातात सुई टोचली तरी हिचा चेहरा पांढराफटक. तिचे वडील बोटीवर असतात, ते फोनवर विचारायचे, "पोरगी बोलत का नाही गं हल्ली?" काय सांगणार? तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटायला लागली होती. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

वस्तादांनी समजावून तिला यंदा खेळायला कसंबसं राजी केलं होतं, आणि म्हणूनच लिंबू मी धरणार होते. दुसऱ्या कुणाच्या तळव्यावर तिने कापलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, पण तिच्या मनातला माझा हात तसाच कापलेला राहिला असता.

त्या रात्री ती माझ्याकडे पाठ करून निजली. सकाळी मात्र कपाटावरून गुंडाळी काढून ती ओटीवर बसली आणि पात्याला तेल लावायला लागली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

किल्ल्यावर पोचल्या पोचल्या मी निवेदकाला गाठलं. तो पुण्याचा, गोड बोलणारा. त्याला म्हटलं, "हे बघ बाळा, गाऱ्हाणं व्हायचंय ना, ते आधी उरकून घे. अगदी आरंभी. खेळ सुरू झाल्यावर नको. कळलं?"

"हो काकू, डोन्ट वरी. सुरुवातीलाच."

पण मानकरी आजोबा वेळेवर येतील तर शपथ. ज्या रिक्षाला दगा फटका होऊ नये म्हणून त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं, तीच रिक्षा किल्ल्याच्या चढावर पंक्चर होऊन बसली होती. निवेदक थोडा वेळ थांबला, घड्याळ बघितलं, आणि गाऱ्हाण्याशिवायच कार्यक्रम सुरू केला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, नकोच आज ते.

दरवाजावरची लढाई झाली. खाली समुद्र उन्हात चमकत होता. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता, त्याच्यावरही मी मनातल्या मनात डाफरून घेतलं. मग हलगी कडाडली आणि वस्तादांनी मुलीच्या नावाने हाक दिली.

ती मधे आली. मीच शिवलेला निळा अंगरखा, कमरेला शेला, उजवा हात खोबळ्यात. मी समोर जाऊन कातळावर गुडघे टेकले आणि डावा तळवा पुढे केला. वस्तादांनी त्यावर लिंबू ठेवलं. हाताची रेघ लिंबाखाली झाकली गेली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "अजूनही उठ. मी सांगते सगळ्यांना, मला जमत नाही म्हणून."

"मी उठणार नाही."

"मला हात दिसतोय तुझा. तोच दिसतोय नुसता."

"मग बघ नीट त्याच्याकडे," मी म्हटलं.

पट्टा फिरायला लागला. आधी पायांजवळून, मग डोक्यावरून, मग दोन्ही बाजूंनी. पातं दिसेनासं झालं, नुसता आवाज राहिला आणि चेहऱ्यावर वारा. तिची नजर लिंबावर. ती एकेक पाऊल पुढे येत होती. मी श्वास धरला. हलायचं नाही, हलायचं नाही, एवढंच मनात घोकत होते.

आणि लोकांमागून काठीचा टकटक आवाज आला. मला न बघताही कळलं. आजोबा पोचले होते.

आता त्या पुण्याच्याने काही करू नये, एवढं मागते देवा. पण त्याला वाटलं, वयस्कर माणूस एवढा चढ चढून आलाय, दोन शब्द बोलू द्यावेत. हलगीवाल्यांना हाताने हळू वाजवा अशी खूण करत तो माइकवर म्हणाला, "मित्रहो, आपले ज्येष्ठ मानकरी आले आहेत. या थरारक क्षणी ते आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील." शिंच्याने सकाळचं सगळं धुऊन टाकलं! त्याच्या दृष्टीने आशीर्वाद म्हणजे 'शुभेच्छा' म्हणून खाली बसायचं. गाऱ्हाणं काय असतं ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत?

मला ओरडता येईना. ओरडले तर हात हलणार. मुलीला सांगता येईना, तिला ऐकूच येत नव्हतं. पातं माझ्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं.

"बा देवा म्हाराजा!" आजोबांचा आवाज सगळ्या तटावरून फिरला. "आज ही तुजी लेकरं ह्या गडावर जमली हायत, त्यांच्यावर तुजी नजर असू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किल्ला म्हणाला. मावळे म्हणाले, बायका म्हणाल्या, तटावर बसलेली पोरं म्हणाली.

आणि मीही म्हणाले. ठरवून आले होते, रात्रभर मनाला बजावलं होतं, तरी माझी मान खाली गेली आणि डावा हात उजव्याकडे निघाला. लिंबू घरंगळलं. त्याच क्षणी पातं खाली येताना मी पाहिलं आणि डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तर पातं माझ्या बोटांच्या वर थरथरत थांबलेलं. तिने खांदा, कंबर, सगळं अंग मागे फेकून ते आवरलं होतं. ती एका गुडघ्यावर पडली होती, तोंडातून श्वास घेत होती. हलगी बंद. वस्ताद पळत आले ते मधेच थांबले.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. जोडायला निघालेला हात, तसाच हवेत.

"आई," ती म्हणाली. "तू हललीस."

"मग काय सांगत होते मी तुला वर्षभर, खुळे!" मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"तू खरंच हललीस गं." ती हसायला लागली, रडायला लागली, काय करत होती तिलाच कळत नव्हतं. मोकळ्या हाताने तिने माझा तळवा ओढून घेतला आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. वर्षभरात तिने त्या हाताला पहिल्यांदा हात लावला होता.

वस्ताद म्हणाले, "बास. खेळ थांबवा. ताई, उठा तुम्ही."

"नाही," मुलगी म्हणाली. ती उठली, घरंगळलेलं लिंबू उचलून शेल्याला पुसलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. मग आजोबांकडे वळली. बिचारे माइक हातात धरून भेदरून उभे होते. "आजोबा, गाऱ्हाणं अर्धं ठेवू नका. म्हणा तुम्ही. मी फिरवते."

"अगो, वेड लागलं काय तुला?" मी म्हटलं. "माझा भरवसा नाही. आत्ता बघितलंस ना!"

"बघितलं म्हणूनच. आता मी तुझा हात आणि आजोबा, दोन्हीकडे लक्ष ठेवीन. तू फक्त हलू नकोस."

हलगी पुन्हा हळू सुरू झाली. पट्टा फिरायला लागला. ह्या वेळी तिचे पाय थबकत नव्हते, मोकळे पडत होते. मी दात आवळले, डोळे उघडेच ठेवले. आजोबांनी घसा साफ केला. वाडीतल्या प्रत्येक घराचं मागणं ज्यांनी देवाजवळ मागितलंय ते आजोबा, त्यांना काय मागायचं ते कुणी सांगायला नको होतं.

"बा देवा म्हाराजा, काय चूकभूल जाली असंल ती पोटात घाल, आनि ह्या पोरीच्या हाताला यश दे रे म्हाराजा!"

देवा, जन्मभरात इतक्या मनापासून 'व्हय' म्हणावंसं मला कधीच वाटलं नव्हतं. सगळ्या किल्ल्याने हात जोडले. मी एकटी गुडघ्यांवर तशीच, तळवा उघडा, तोंड मिटलेलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायलाही हात हलवायचा नाही.

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले, आणि त्या सगळ्या आवाजांत अगदी माझ्या समोरून, फिरत्या पट्ट्यामागून, एक आवाज आला. आजवर जिला पात्यापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं, ती म्हणत होती.

तळव्याला गार रस लागला. लिंबाचे दोन तुकडे कातळावर पडले होते, आणि मी हात उलटासुलटा करून बघत होते, त्याच्यावर रेघ एकच होती.