फुटकी बासरी पूजेतच राहील

बासरीले पाणी दाखवायचं नाही. आमच्या घरात मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की मी नुसतं तोंड उघडलं तरी पोरं म्हणतात, "हव बाबा, पाणी नाही." म्हणतात, ऐकत नाहीत. म्हणून आता लिहून राहिलो. शाळा मी तिसरीतच सोडली, अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं आहे, पण वाचता येते. ज्याले वाचायचं नसंल त्यानं वाचू नये.

वाजवून झालं की आत श्वासाचा ओलावा राहते. तो आधी काढायचा. माझ्याकडे बांबूचीच एक कामटी आहे, तिले जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळला आहे. ती आतून हळूहळू फिरवायची, बाळाचा कान पुसल्यासारखी. मग सावलीत पडू द्यायची. उन्हाळ्याची लू सुटायच्या आधी सरसोंचं तेल, आतून एक हात, बाहेरून एक हात. छेद कापसाच्या वातीनं पुसून घ्यायचे, नाही तर तेलावर धूळ बसते. मग भिंतीले टेकवून उभी ठेवायची, जादा तेल आपलं आपण उतरते. कूलरसमोर नाही, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, उन्हात तर मुळीच नाही. ज्याले लोणच्याची बरणी सांभाळता येते त्याले बासरी सांभाळता आली पाहिजे. पण मी तेल लावाले बसलो की मुलगा आतल्या खोलीतून ओरडते, "कोणी तिकडे जाऊ नका रे, बाबांची मालिश चालू आहे!"

चालू आहे तर चालू आहे.

इकडे हिंदी मुलखात, भनपुरीच्या ट्रान्सपोर्टात, मी जन्मभर ट्रकांवर तिरपालं बांधली. माल यायले उशीर झाला की लोक विडी फुंकायचे, मी बासरी फुंकायचो. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गाई चारणाऱ्या राऊतानं शिकवलं, बासरीही त्यानंच दिली. तो गेला, यार्डातले सोबती गेले, मग माझे दात गेले, समोरचे वरचे. मुलानं कवळी करून दिली. कवळी लावून फुंकलं तर नुसती फुस्स हवा. काढून फुंकलं तर ओठ आत जाते. सदर बाजारातून नवी कोरी बासरी आणली, मग दुसरी आणली. एकही बोलली नाही. ही जुनीच तेवढी बोलली, कारण हिच्या तोंडाची कड माझ्याच ओठानं इतकी वर्षं झिजून तिरपी झाली आहे. बोळक्या तोंडाले ती जागा देते. म्हणजे हिशेब साधा आहे. ही आहे तोवर मी वाजवतो. ही गेली की माझं वाजवणं गेलं. "नवी घ्या ना" म्हणणाऱ्याले हे कळत नाही, आणि मी सारखं सारखं सांगत बसत नाही.

पुरानी बस्तीतल्या मंदिरात आमचं भजनी मंडळ बसते. तिथे मी कवळी काढून रुमालात बांधतो आणि मग बासरी ओठाले लावतो. बायका पदर तोंडाशी धरून हसतात. हसू द्या. भजनात हसू नये असं कुठे लिहिलं आहे?

तर आता खंडेनवमीची गोष्ट. आमच्यात ज्याचं जे हत्यार ते त्या दिवशी धुऊनपुसून देवापुढे मांडतात. मुलाचा लॅपटॉप, सुनेची शिलाई मशीन, स्कूटीची चाबी, माझी तिरपाल शिवायची दाभण आणि माझी बासरी. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. ऑफिसातून फोन आला तरी मुलगा सांगते, "सर, लॅपटॉप पूजा में बैठा है." याबाबतीत माझं घर पक्कं आहे.

आदल्या दिवशी मी झेंडूची फुलं घेऊन आलो. गच्चीवर समई, ताम्हण, तांब्या असं सगळं वाळत घातलं होतं, आणि त्यांच्या मधोमध, भर उन्हात, माझी बासरी. ओली.

"हे कोणी केलं?"

सूनबाई मोठ्या कौतुकानं वर आली. मराठीच घरातली आहे, सगळं समजते, पण बोलते हिंदीत. "मैंने किया बाबा. बोतल वाले ब्रश से. अंदर से कितना काला निकला, पता है आपको?"

"काळं नाही बाई, ते तेल होतं."

"तेल? मुझे तो मैल लगा. देवी के सामने गंदी कैसे रखती?"

आता काय बोलावं? पोरीनं भक्तीनं केलं होतं. भांड्याच्या साबणानं, पण भक्तीनं. मी बासरी उचलून खाली आणली, पुसली, मांडीशी घेऊन जेवाले बसलो. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि मांडीपाशी टक्क असा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. तोंडाच्या छेदापासून पहिल्या बोटाच्या छेदापर्यंत तडा. नख जाईल एवढा.

सून रडाले लागली. मी म्हटलं, "रडू नको, वरण थंड होते." मी मात्र जेवलो नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा पाट मांडून राहिला होता. मी बासरी पाटावर ठेवली तर त्यानं उचलून बाजूले ठेवली.

"बाबा, फुटकी वस्तू पूजेत ठेवत नसतात. आपल्यातच म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग? संध्याकाळी पाऱ्यातले नवरात्राचे जवारे, ते गव्हाचे कोंब, तलावात सोडाले नेणार आहेत. त्यांच्यासोबत सोडून देऊ. चांगल्या रीतीनं जाईल. मी नवी मागवतो, फायबरची येते आता, तडाच जात नाही तिले."

फायबरची! माझ्या डोक्यात गेलं. "माझ्या मणक्यातही गॅप आहे," मी म्हटलं, "कमरेले पट्टा लावून फिरतो. मलेही जवाऱ्याच्या टोपलीत बसव आणि दे सोडून. चांगल्या रीतीनं जाईन."

"तुमच्याशी तर बोलणंच बेकार आहे."

"मग काहून बोलून राहिला?"

आणि मी बासरी उचलली, लॅपटॉपच्या पुढे, अगदी मधोमध ठेवली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिच्यावर हळदकुंकू वाहून मोकळा झालो. आता काय करतोस? हळदकुंकू लागलं. दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. तलाव राहिला तलावाच्या जागी.

मुलगा कपाळावर हात मारून गेला. मी जिंकलो म्हणून ताठ बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की कोणी म्हणजे मीसुद्धा. तड्यावर तेल ताबडतोब सोडाले पाहिजे होतं, दोरा बांधाले पाहिजे होता. कोरडी हवा तडा वाढवते. आणि बासरी माझ्यासमोर हातभर अंतरावर, हात लावता येत नाही. दिवसभर मी पाटासमोर बसून होतो. ढोल वाजत जवारे गल्लीतून गेले, मी उठलो नाही. मुलगा येताजाता म्हणे, "उचला ना बाबा, देवी काही म्हणणार नाही." त्याले वाटलं मी आता वाकेन. देवी म्हणणार नाही हे मलेही माहीत होतं. पण नियम मी लावला होता. तो मी मोडला असता तर घरात माझ्या कोणत्या शब्दाले किंमत राहिली असती?

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली आणि मी बासरी उचलली. तडा दुसऱ्या छेदाकडे सरकला होता. मी कोमट तेल पाजलं, थांबलो, पुन्हा पाजलं. मग मोच्याकडून आणलेला मेणाचा दोरा काढला. बांधणी मी तिरपालाच्या दोराच्या टोकाची केली, ज्यात गाठ वर दिसत नाही, दोऱ्याचं शेपूट वेटोळ्याखालीच ओढून घेतात. पण त्याले दुसऱ्या टोकाकडून ताण लागते, आणि माझे दोन्ही हात बासरीवर. मी कोणाले हाक मारली नाही. सूनबाईच आली, दोऱ्याचं रीळ उचललं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"कितना खींचूँ, बाबा?"

"ट्रक नागपूरले चालला आहे असं समज. सुटला तर माल रस्त्यावर."

तिनं असा ताणला की मलेच पुढे ओढलं. वेटोळी बसत गेली, तडा मिटत गेला. फटीत मी मेण भरलं, बोटानं सपाट केलं. कवळी काढून ठेवली. फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. फुस्स. मुलगा दारात उभा होता. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही, आणि तेच मले जास्त लागलं. "बाबा, जाऊ द्या ना," एवढंच म्हटलं, हळू आवाजात.

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोऱ्यामुळे ओठाची जागा सरकली होती, ती शोधाले पाहिजे होती. बासरी जराशी आत वळवली. हवा. जराशी बाहेर. हवा, आणि हवेत कुठेतरी एक बारीक सूर, कढईत तेल तापाले लागते तसा. तिथेच ओठ रोवला. आला! खालचा सा आला. मग रे, मग ग. वरच्या सप्तकात गेलो की मात्र आवाज फाटते. कितीही फिरवली तरी फाटते. ठीक आहे.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मंडळ बसलं. अध्यक्षांनी बासरीचे दोरे पाहिले आणि माझ्याकडे टाळ सरकवले. "काका, आज टाळ धरा. आपल्या कीबोर्डवाल्याकडे बासरीचं बटण आहे, तो वाजवून घेईल."

"आहे ना बटण?" मी म्हटलं. "मग त्याले टाळाचंही बटण पाहाले सांगा." आणि कवळी काढून रुमालात बांधली. बायका हसल्या. मी वाजवाले लागलो.

वरचे सूर मी घेतलेच नाहीत. सगळा अभंग खालच्या सप्तकात वाजवला, गाणाऱ्यांच्या गळ्याखालून. पहिल्या कडव्याले कीबोर्डवाला बटण दाबून माझ्या वर चालला होता. दुसऱ्या कडव्याले त्यानं हात मांडीवर ठेवले. काहून ठेवले हे मी विचारलं नाही. अध्यक्ष नंतर म्हणाले, "आवाज जरा घोगरा झाला, काका." मी म्हटलं, "हव, झाला."

घरी येऊन मी आतून कामटी फिरवली, ओलावा काढला, बासरी सावलीच्या खुंटीवर टांगली. वरचे सूर तिचे आता येत नाहीत, वरचे दात माझे येत नाहीत. मुलगा अजून फायबरची दाखवते मोबाइलवर. मी पाहतो, चांगली आहे म्हणतो, आणि तेलाची बाटली मागतो.

पुढच्या खंडेनवमीलेही ती मधोमधच बसणार आहे, दोऱ्यासकट. ब्रश आणि साबण घरात खुशाल ठेवा. बासरी मी पुसीन.